बिनअंड्याचा हत्ती

हत्तीची सोंड तिसऱ्यांदा गळून पडली तेव्हा धनकुंवरने कपाळाला हात लावला. चार पाय उभे राहिले होते, पोट उभं राहिलं होतं, डोकंसुद्धा धडावर नीट बसलं होतं. टीचभर सोंड मात्र थोडा वेळ लोंबायची आणि फतकन ताटात पडायची. बघणाऱ्याला दया आली असती. धनकुंवरला संताप आला.

"पड, पड एकदाची," ती सोंडेला म्हणाली. "तुझ्या जिवावर मी पोर परत आणायला निघाले होते. माझीच अक्कल शेण खायला गेली!"

मागच्या पडवीत भांडी घासत बसलेल्या धुरपदाबाईने मान वळवली. धुरपदाबाई अमळनेरकडची, हाताने चपळ आणि तोंडाने फटकळ. "हाई हत्ती शे का डुक्कर शे वं माय?" तिने विचारलं.

"तुम्ही भांडी घासा, धुरपदाबाई."

"घासस ना. पन तुनीच आंडेर शे ना ती? मंग हत्ती कसाले जोयजे?"

पोर तुझीच, मग हत्ती कशाला हवा? प्रश्न सरळ होता. धनकुंवरने सोंड उचलली, अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी रागारागाने अंगणातल्या कावळ्याला फेकली.

तर ही हत्तीची भानगड काय, ते आधी सांगायला हवं. साल एकोणसत्तर, महिना वैशाखाचा. जळगावात दीपचंदजींचं डाळीचं दुकान. थोरला मुलगा प्रेमचंद धुळ्याला दुकान घालून तिकडेच राहिलेला, त्याची बायको तारादेवी. धाकटा चंपालाल आईबापांजवळ जळगावात, आणि त्याची बायको ही धनकुंवर. सहा वर्षांपूर्वी धनकुंवरला मुलगी झाली, कंचन. पोर तीन महिन्यांची होते न होते तोच आईला विषमज्वराने गाठलं. ताप असा की माणूस ओळखू येईना, आणि दूध पार आटून गेलं. त्याच पंधरवड्यात धुळ्याला तारादेवीचं तिसरं बाळंतपण झालं आणि तिसरंही मूल हाती लागलं नाही. इकडे मूल होतं, दूध नव्हतं. तिकडे दूध होतं, मूल नव्हतं. सासूने, सुगनबाईंनी, कंचनला दुपट्यात गुंडाळलं आणि धुळ्याच्या मोटारीत बसून थेट तारादेवीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. चार महिन्यांपुरतं, असं म्हणाल्या.

पोर वाचली, धनकुंवरही वाचली. पण चार महिने झाले तेव्हा पोरीला दात येत होते, कुठे हलवता? मग तारादेवी आत्ता कुठे हसायला लागली होती, इतक्यात नको. मग पावसाळा आला. मग पोरीला तिकडची सवयच झाली. कुणी हिसकावून घेतली नाही आणि कुणी देऊनही टाकली नाही, नुसती तिकडे राहिली. दिवाळीला आणि उन्हाळ्यात यायची आणि धनकुंवरला काकी म्हणायची. धनकुंवरला पुन्हा मूल झालं नाही.

आणि आता जूनमध्ये शाळा. शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव लिहावं लागतं. प्रेमचंदने कार्ड टाकून विचारलं, कुणाचं लिहू? दीपचंदजींनी चार दिवस विचार केला आणि सुगनबाईंना सांगितलं. सुगनबाईंनी तांदूळ निवडता निवडता ते धनकुंवरच्या कानावर घातलं. कंचनच्या वाढदिवसाला सगळे इथे जमतील, तेव्हा बाबूजी सगळ्यांसमोर पोरीलाच विचारतील. ती म्हणेल तिथे तिचं नाव. उगाच कुठल्या सुनेने म्हणायला नको की म्हाताऱ्याने एकीची बाजू घेतली.

"बाबूजींचा न्याय चोख असतो," चंपालाल म्हणाला.

"चोखच तर!" धनकुंवर उसळली. "पाच वर्षं न्हाऊमाखू घालणारी एकीकडे आणि वर्षातून दोनदा दिसणारी काकी एकीकडे. विचारा, विचारा पोरीला."

तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी. हातातलं काम अर्धं टाकून दुसऱ्याला लागायची, दुसरं टाकून खिडकीशी जाऊन उभी राहायची. पंधरा दिवस उरले होते. पंधरा दिवसांत सहा वर्षांच्या पोरीचं मन कसं जिंकतात? फ्रॉक शिवायचा, तर धुळ्याला कपड्यांची पेटी भरली होती. बाहुली आणायची, तर तीन होत्या. अशात तारादेवीचं पत्र आलं. घरच्या चार गोष्टी लिहून शेवटी तिने सहज लिहिलं होतं, "गावात सर्कस आली होती. कंचनने हत्ती पाहिला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शेजारच्या इंजिनिअरांच्या मुलाला मुंबईहून केक आला होता, तर आता म्हणते, मलाही केक पाहिजे, पण हत्तीचा. अशी वेडी आहे. आम्ही हसून सोडून देतो."

तारादेवीने हसून सोडून दिलेलं धनकुंवरने घट्ट धरून ठेवलं. आपण तिच्याच पत्रातून उचलून तिच्यावरच डाव टाकतो आहोत हे तिला कळत होतं. कळून ती थांबली नाही. त्या आठवड्यात तिला लाज बाळगायलाही सवड नव्हती.

शेजारच्या लताबाई शाळेत शिक्षिका होत्या, त्यांच्याकडे एका मासिकातलं केकच्या कृतीचं कात्रण होतं. त्याची पहिलीच ओळ, चार अंडी फेसून घ्या. जैनाच्या घरात अंड्याचा शब्दसुद्धा हळू बोलतात. सुगनबाईंनी केकचं नाव ऐकूनच नाकाला पदर लावला.

"त्यात अंडं असतं."

"यात नसणार, सासूजी."

"मग तो केक कसला?"

धनकुंवरने मान खाली घालून परवानगी मिळवली. मागच्या पडवीत करायचं, वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, चुलीला विटाळ नको. पातेल्यात वाळू घालायची, वाळूत डबा ठेवायचा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. जळगावच्या वैशाखात दोन्हीकडून विस्तव घेऊन बसायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याने समजावं. पदर डोक्यावरून घसरायचा, घाम डोळ्यांत जायचा, ती उठायची, बसायची, पुन्हा उठायची.

पहिल्या दिवशी तिने अंडी नुसती वगळली. जे निघालं ते चंपालालने टेबलावर ठोकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "दुकानाच्या पायरीला एक फरशी कमी आहे." दुसऱ्या दिवशी आंबट दही आणि मुठीने सोडा. तो केक असा फुगला की झाकण उचलून बाहेर आला, आणि चवीला कपडे धुवायचा साबण. तिसऱ्याला निखारे जास्त झाले, वरून कोळसा आणि आत पीठ. गाय आनंदाने खायची, तेवढीच एक सुखी होती घरात.

खरी गोम निराळीच होती. धनकुंवरला दम निघत नव्हता. दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, आणि झाकण उचललं की वर आलेला केक पुन्हा खाली बसायचा. हे तिला कळायचं आणि तरी हात जायचा. कंचन काय म्हणेल? आणि नाही म्हणाली तर? आणि सगळ्यांसमोर म्हणाली तर? की गेलाच हात झाकणाकडे. शेवटी धुरपदाबाईने तिला दंडाला धरून अंगणात नेऊन उभं केलं आणि स्वतः शेगडीजवळ बसली. "तू आठे येऊ नको," ती म्हणाली. "मी देखस."

अंड्याचा तोडही धुरपदाबाईनेच काढला. दुकानाच्या एका फैजपूरच्या गिऱ्हाइकाने केळीचा घड पाठवला होता, तो उन्हाने काळा पडून पडवीत लोंबत होता. "हाई केळं टाकी दे ना. चिकट ऱ्हास, बठ्ठं धरी ठेवस." केळी सगळं धरून ठेवतील म्हणून धनकुंवरने सहा कुस्करून घातली. केक जड झाला, काळसर झाला, पण निघाला तो अखंड. सुरीने हवा तसा तासता येत होता आणि ढासळत नव्हता. धनकुंवरने तिथेच धुरपदाबाईला मिठी मारली. राखेने माखलेले हात दूर धरत धुरपदाबाई म्हणाली, सोड वं, मना हात राखना शेतस.

मग हत्ती उभा करायचा उद्योग सुरू झाला. चार पाय चार पेल्यांत भाजले, पोट टोपात, डोकं वाटीत. साखरेच्या पाकाने एकावर एक डकवले. काळे तीळ पिठीसाखरेबरोबर बारीक वाटले तर हत्तीच्या कातडीचा हुबेहूब रंग आला, तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली. कानांना दोन मैद्याच्या कडक पुऱ्या, सुळ्यांना खोबऱ्याच्या काचऱ्या. राहिली सोंड. केकची केली, पडली. खव्याची केली, उन्हाने वितळून पडली. खव्यात भाजलेलं बेसन मळून केली, तरी पडली. अशा तीन सोंडा गेल्या आणि वाढदिवस उद्यावर आला, तिथून आपण गोष्ट सुरू केली होती.

कावळ्याने अर्धी सोंड नेली त्या दिवशी दुपारी धुळ्याची मंडळी आली. कंचन मोटारीतून उतरली ती तारादेवीचं बोट धरून. उंच झाली होती, पुढचे दोन दात पडले होते. "काकीला पाया पड," तारादेवी म्हणाली. कंचन पाया पडली आणि पुन्हा बोट धरलं. धनकुंवरने तिच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा तिळाची पूड पोरीच्या केसांना लागली.

"काकी, तुझ्या हाताला हे काय?"

"काही नाही. मसाला."

पडवीचं दार तिने बाहेरून लावून घेतलं होतं. तारादेवी स्वयंपाकात हात लावायला आली तर तिलाही पिटाळलं, जरा तोडूनच. तारादेवी माघारी फिरली. दोघींनाही ठाऊक होतं उद्या काय विचारलं जाणार आहे, आणि दोघी एकमेकींना पाणी हवं का, पंखा हवा का, असंच विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनकुंवरला एकदाची युक्ती सुचली. सोंड खाली कशाला लोंबवायची? सर्कशीतला हत्ती सोंड वर करून सलाम करतो. तिने सोंड वर वळवली आणि कपाळावर टेकवली. टेकली. बोटाने ढोसून पाहिलं, हलली नाही. तासभर ती तिथेच बसून राहिली, पडेल म्हणून.

सूर्यास्तानंतर या घरात पाण्याचा घोटही घेत नाहीत, म्हणून केक कापायचा पाच वाजता असं ठरलं. माजघरात जाजम घातलं. दीपचंदजी तक्क्याला टेकले, शेजारी प्रेमचंद आणि चंपालाल, भिंतीशी सुगनबाई आणि तारादेवी, लताबाई आणि त्यांची दोन मुलं. धनकुंवर डोळ्यांपर्यंत पदर ओढून ताट घेऊन आली आणि तिने ते चौरंगावर ठेवलं.

राखाडी, गुबगुबीत, कान पसरलेला, सोंड वर केलेला हत्ती होता तो, अगदी खराखुरा. "अरे वा!" प्रेमचंद ओरडला. कंचन दोन्ही हात तोंडावर धरून बघत होती. मग ती किंचाळली, "काकी, हत्ती! माझा हत्ती!" आणि तारादेवीजवळून उठून धावत आली आणि धनकुंवरच्या गुडघ्यांना तिने मिठी मारली.

पंधरा दिवसांची आग, भाजलेली बोटं, सगळं त्या मिठीत विरून गेलं. जिंकलं, असं धनकुंवरला वाटलं. अगदी उघड उघड, निर्लज्जपणे वाटलं. पदराआडून तिने तारादेवीकडे पाहिलंसुद्धा.

"चला, काप बेटा," चंपालालने सुरी पुढे केली.

कंचनने सुरी हातात घेतली. हत्तीकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं, आणि सुरी जाजमावर ठेवली. "हत्ती कापायचा नसतो," ती म्हणाली. "पाप लागतं. बाई दिवाळीला मला साखरेचे घोडे-मोरसुद्धा घेऊ देत नाही. जिवासारखं दिसतं ते कापलं की जीव कापल्यासारखंच असतं. हो ना, बाई?"

बाई म्हणजे तारादेवी. कंचन तिला आईच्या जागी 'बाई' अशीच हाक मारायची.

"हो," तारादेवी कसंबसं म्हणाली.

"अगंबाई, खरंच की!" सुगनबाईंनी गालावर हात ठेवला. "आम्हा मोठ्यांच्या ध्यानात आलं नाही आणि या चिमुरडीच्या आलं. याला म्हणतात वळण लावणं!"

धनकुंवर जागच्या जागी थिजली. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती थोडीच! तिच्या माहेरी हेच, दीपचंदजींच्या घरात हेच, कुठल्याही जैनाच्या घरात हेच. साखरेचा मोर घरात येत नाही, पिठाचा कोंबडा करत नाहीत, मनाने केलेली हिंसा ती हिंसाच. पंधरा दिवस तिने अंडं टाळलं, चूल टाळली, सूर्यास्त सांभाळला, आणि आपण एक प्राणी कापायला मांडतो आहोत हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिला पोर हवी होती, बाकी तिला काही दिसतच नव्हतं. आणि तीच पोर, जिला कुणीतरी जवळ बसवून, समजावून, पाच दिवाळ्या शिकवलं होतं, ती आता दोन्ही हात पसरून हत्तीच्या पुढे उभी राहिली होती, कुणी त्याला कापू नये म्हणून. किती शहाणी झाली होती ती! धनकुंवरला रडूही आलं आणि अभिमानही वाटला, आणि त्यातला कणभरही अभिमान आपल्या वाट्याचा नाही हे तिला कळत होतं.

"नाही हो कापायचा," दीपचंदजी हसत म्हणाले. "हत्ती तुझा. बस इथे माझ्याजवळ." कंचन जाऊन बसली. आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि घसा खाकरला. "कंचन, आता तू मोठी झालीस. शाळेत जायचं. तर मला सांग बरं बेटा, तुला—"

धनकुंवरची नजर तारादेवीवर गेली. तारादेवीने डोळे मिटले होते, ओठ नवकार मंत्र म्हणत भरभर हलत होते, आणि पदराचं टोक तिने मुठीत असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. कंचन मात्र आजोबांकडे बघत नव्हती. ती तारादेवीकडे बघत होती, पुढे काय बोलायचं ते नेहमी तिकडे बघून ठरवणाऱ्या पोरीसारखी.

"विचारू नका," धनकुंवर म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांच्यात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. काही सांगायचं झालंच तर सासूकडून, नवऱ्याकडून सांगते. लग्न होऊन आल्यापासूनच्या आठ वर्षांत दीपचंदजींनी धाकट्या सुनेचा आवाज ऐकला नव्हता. ते एवढे गडबडले की त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, बाहेरून कुणी बोललं की काय म्हणून.

"तिला विचारू नका, बाबूजी," पदराआडून पुन्हा आवाज आला. "नाव धुळ्याच्या शाळेत घाला. बापाचं नाव थोरल्या भाईजींचं लिहा."

सुगनबाई काही बोलणार होत्या, पण दीपचंदजींनी हात वर केला. मग म्हणाले, "ठीक आहे. तसंच." आणि उठून पाणी प्यायला गेले, कारण दिवस कलायला लागला होता. तारादेवी भिंतीशी बसल्या जागी हमसून हमसून रडत होती, आणि कंचन तिला विचारत होती, "बाई, तू का रडतेस? हत्ती कापला नाही ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने मंडळी धुळ्याला निघाली. हत्ती परातीत बसवून, वर ओलं फडकं घालून कंचनच्या मांडीवर दिला होता. मुंग्या लागेपर्यंत तरी तिचा. मोटार सुटली तेव्हा कंचनने एका हाताने परात सांभाळत दुसरा हात खिडकीतून हलवला आणि "येते गं, काकी!" म्हणून ओरडली. धनकुंवर धूळ खाली बसेपर्यंत मोटारतळावर उभी राहिली.

परत येताना चंपालाल न राहवून म्हणाला, "विचारू द्यायचं होतंस बाबूजींना. काल कशी धावत येऊन बिलगली तुला. कुणी सांगावं, कदाचित जळगावच म्हणाली असती."

"हो," धनकुंवर म्हणाली. "कदाचित म्हणाली असती. तेवढं तरी राहू द्या माझ्यापाशी."